माउंट नंतर बघा, आधी केबल

तुमच्या दोन तक्रारी आहेत. यंत्र काचेवर धरणाऱ्या माउंटचा सक्शन कप भर दुपारी सुटतो, आणि घरातली यूएसबी केबल लावली की नकाशा जाऊन स्क्रीनवर कंप्युटरचं चित्र येतं. तेवढ्यावरून नेव्हिगेशनचं यंत्रच बदलायला निघालात! जरा थांबा, यंत्र बहुधा धडधाकट आहे.

आधी ते कंप्युटरचं चित्र. मिनी-यूएसबीला, म्हणजे अशा यंत्रांच्या छोट्या यूएसबी प्लगला, पाच पिना असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या आणि एक ओळख पटवणारी. ही ओळखीची पिन साध्या केबलमध्ये मोकळी सोडलेली असते. गार्मिन कंपनीच्या जुन्या नूवी यंत्रांच्या गाडीच्या केबलमध्ये मात्र तिला एक बारीक रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) जोडलेला असतो. तो सापडला की यंत्राला कळतं, आपण गाडीत आहोत. नाही सापडला तर ते कंप्युटरला जोडलंय असं धरून नकाशा मिटतं. म्हणजे चार्जर कितीही दमदार आणलात तरी केबल साधी असेल तोवर चित्र तेच येणार. पिन बसते एवढ्यावर केबल घेऊ नका, तुमच्या मॉडेलचं नाव तिच्या वर्णनात आहे का ते वाचा. काही मॉडेलांत ट्रॅफिकची माहिती पकडणारा रिसीव्हरही केबलच्याच पोटात असतो. तिथे दुसरी केबल लावली की ट्रॅफिक दिसणं बंद.

गाडीतल्या तयार यूएसबी पोर्टवर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो पेनड्राइव्हवरची गाणी वाजवण्यापुरता, ५०० मिलिअँपिअरचा असतो. स्क्रीन पूर्ण उजेडावर असेल तर चार्जिंगला लावलेली बॅटरीसुद्धा हळूहळू उतरते. लायटर सॉकेटचा चार्जर घ्या, ५ व्होल्टचा आणि मूळ चार्जरवर छापलेल्या अँपिअरइतका किंवा जास्त. जास्त अँपिअरने काही बिघडत नाही, यंत्र लागेल तेवढाच करंट ओढतं. ट्रकमध्ये वापरणार असाल तर त्यावर १२–२४ व्होल्ट लिहिलेलं हवं.

आता वायरची जाडी, जी कोणीच बघत नाही. २८ गेजची दोन मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबं, साधारण ०.८५ ओहम. १ अँपिअर वाहिला की ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि यंत्रापाशी पोचतात ४.१५. तीच केबल २४ गेजची असली तर तूट ०.३४ व्होल्टवर येते. (गेजचा कारभार उलटा, आकडा लहान तितकी तार जाड.) मी वर्षभर बॅटरीच्या नावाने बोटं मोडत होतो. शेवटी लांबलचक बारीक केबल काढून आखूड जाड लावली आणि त्याच बॅटरीने मुकाट्याने काम केलं.

चार्जर मेला म्हणून फेकण्याआधी त्याचं टोक फिरवून बघा. पुष्कळ चार्जरांत ते उघडतं आणि आत काचेचा छोटा फ्यूज निघतो. उघडताना बोट धरून ठेवा, आतली स्प्रिंग टुणकन सीटखाली जाते.

माउंटचं त्या मानाने सोपं आहे. यंत्राच्या मागे माउंटचा जो गोळा बसतो तो किती मापाचा ते आधी मोजा, गार्मिनचा बहुतेक ठिकाणी १७ मिलिमीटरचा असतो. दांडी जितकी लांब तितकं यंत्र खड्ड्यात थरथरणार, म्हणून आखूड घ्या. दुपारी कप सुटतो कारण उन्हाने त्याच्याखाली उरलेली हवा फुगते आणि रबरही मऊ पडतं. काच चकचकीत करणाऱ्या स्प्रेचा थर असेल तर मग विचारूच नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा, कप साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, आणि तळहाताने दाबून धरूनच लिव्हर पाडा. खरखरीत डॅशबोर्डवर कप टिकत नाही, तिथे चिकटणारी चकती लागते. ती लावल्यावर लगेच वजन टांगू नका, रात्रभर जाऊ द्या.

जागा खालच्या कोपऱ्यात निवडा, रस्ता झाकणार नाही अशी. एअरबॅगच्या झाकणावर किंवा ती उघडते त्या वाटेत माउंट नकोच. काचेला उष्णता रोखणारा धातूचा लेप असेल तर उपग्रह सापडायला फार वेळ लागतो. अशा काचेत बहुधा आरशाजवळ लेप नसलेला पट्टा ठेवलेला असतो, सिग्नल तिथे नीट मिळतो. आणि गाडी उन्हात उभी करताना यंत्र काढून घ्या, लिथियम बॅटरीला तापलेली बंद गाडी सोसत नाही.

केबल आली की माउंटच्या भानगडीत न पडता इंजिन चालू करा, उजेड पूर्ण वाढवा आणि अर्धा तास मार्ग चालू ठेवा. एफएमही लावा, कमजोर स्टेशनवर. चार्जर लावल्यावरच खरखर येत असेल तर तो परत करा. अर्ध्या तासाने बॅटरी किती दिसते ते इथे कळवा, सोबत यंत्राच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबरही.