गावच्या आईचं बीपी आणि मुंबईहून येणाऱ्या गोळ्या

तुमची अडचण आमच्याकडे घरोघरी आहे. आई देवगडकडे एकटी, बीपी-शुगरच्या गोळ्या कुणी चाकरमानी येईल तेव्हा येणार, आणि मधले पंधरा दिवस डबा रिकामा. उपकेंद्रातल्या गोळ्यांवर विसंबावं का, असं विचारलंत. खुशाल विसंबा. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात घेतलेल्या मोजक्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. पद्धत साधी: ठरलेलं औषध, बीपी १४०/९० च्या खाली येईना तर ठरलेल्या पायरीने वाढ, आणि महिन्याच्या गोळ्या फुकट. आशाताईंना सांगून आईचं नाव नोंदवा.

एक मात्र सांभाळा. माझ्या काकीने मुंबईची पाकिटं संपवायची म्हणून ती सकाळी आणि केंद्रातली रात्री घेतली. नावं वेगळी, आत दोन्हींत अ‍ॅम्लोडिपिन हेच बीपीचं औषध, म्हणजे डोस दुप्पट. त्यानेच महिन्याभरात घोटे सुजले, आणि आम्ही मूत्रपिंडाच्या तपासण्या करत बसलो! जुनी पाकिटं पहिल्या दिवशीच सिस्टरच्या टेबलावर ओता.

आई घाटी चढून केंद्रात जात असेल तर पोचल्या पोचल्या बीपीचा पट्टा बांधू देऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून, गप्प बसायचं. (हे "गप्प" जमणं कठीण, सगळा वाडा तिथेच भेटतो.) बीपी १३० आलं की काकी म्हणायची, "माका काय्येक होना नाय, मगे गोळये कित्याक?" ते १३० गोळीमुळेच आलंय, हे तिला पटायला वर्ष गेलं.

खाण्याचं फार ताणू नका. उकड्या तांदळाची पेज सोडायला सांगितलीत तर ती तुमचंच ऐकायचं सोडेल. वाटी लहान करा. मिठाचा हिशेब मात्र करा, दिवसाला जेमतेम चमचाभर. खारा बांगडा आणि मिठातली कैरी एकाच ताटात आली की तो तिथेच संपला.

शुगरच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे का, ते आजच फोनवर विचारा. असेल तर हरतालिकेच्या आधी डॉक्टरांना भेटवा. उपाशीपोटी ती गोळी घेऊन आमच्या शेजारच्या वहिनी भर पूजेत, साखर एकदम उतरून, घामाघूम होऊन पडल्या होत्या. साखरेचं पाणी पाजल्यावर सावरल्या, उपास मोडला म्हणून दिवसभर हळहळत बसल्या.