बर्ली हा इंग्लिश पॉटरी ब्रँड खरंच जुना आहे का, की नुसतं मार्केटिंग?

खरंच जुना आहे. 1851 ला इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागातल्या बर्स्लेममध्ये दुसऱ्याच मालकांनी सुरू केला, मग 1862 ला बर्जेस आणि ली या दोघांच्या हातात आला आणि बर्ली हे नाव पण त्यांच्याच आडनावांवरून पडलं. 1880 च्या दशकाच्या शेवटी मिडलपोर्टला कालव्याच्या काठावर मोठा कारखाना बांधला, कारण माती बोटीने यायची आणि तयार माल बोटीनेच जायचा, रस्त्याने नेला असता तर निम्मा फुटला असता! बाटलीच्या आकाराच्या सात भट्ट्या होत्या तिथे, आता एकच उरलीये.

पण खरी मजा छपाईत आहे. तांब्याच्या रोलरवर डिझाइन कोरलेलं असतं, त्यावरून पातळ टिश्यू पेपरवर ठसा घेतात, तो कागद कापून एकदा भाजलेल्या कपावर हाताने चिकटवतात, ताठ ब्रशने खसाखसा घासतात, मग कागद धुवून टाकतात, रंग मागे राहतो आणि त्यावर ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) देऊन परत भट्टीत. कपाच्या मागे कुठेतरी कागदाचा जोड दिसतो, तो डिफेक्ट समजून परत करू नका. बाकीच्या बहुतेक कंपन्या स्टिकरसारख्या डेकॅलवर गेल्या, यांनी ही पद्धत सोडली नाही.

धंदा मात्र 1999 ला बुडायच्या बेतात होता, एका जोडप्याने विकत घेऊन वाचवला, 2010 मध्ये डेन्बी या दुसऱ्या इंग्लिश पॉटरी कंपनीने घेतला आणि मोडकळीला आलेला कारखाना पुढच्याच वर्षी तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सच्या ट्रस्टने घेऊन दुरुस्त केला.