मागचं सस्पेन्शन बदलायचंय? आधी स्प्रिंग बघ

मर्सिडीज डब्ल्यू १२३ इस्टेटचं सेल्फ-लेव्हलिंग (भार वाढला तरी तेलाच्या दाबाने गाडीची मागची उंची सारखी ठेवणारी यंत्रणा) काढून साधे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवतोयस, हरकत नाही. पण एकदा खात्री कर. गाडी नेहमीच्या उंचीवर उभी राहते पण खड्ड्यात दणके देते, तर बहुतेक मागच्या दोन गोळ्यांमधला (धक्के झेलणाऱ्या, गॅस भरलेल्या धातूच्या गोल डब्यांमधला) नायट्रोजन संपलाय. फक्त गोळ्या बदल, सुटशील.

तरी काढायचंच असेल, तर स्प्रिंगही बदल. मी इथे इंदूरला पहिल्यांदा नुसते शॉक बसवले. चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन सिमरोलच्या पुढे घाटात गेलो, तर मागचं बूड रस्त्याला टेकायला आलं. सेल्फ-लेव्हलिंगच्या गाडीची स्प्रिंग मऊ असते, उरलेला भार तेलाच्या दाबावर असतो. तो दाब गेला की ती बिचारी काय करणार!

पाइप सैल करण्याआधी उंची सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचा ब्लीड स्क्रू उघडून दाब सोड, चष्मा लाव. आणि या यंत्रणेचा तेलाचा पंप विसरू नकोस: तो इंजिनवरच फिरतो, कोरडा फिरला की जाम होतो. एकतर काढून तिथं झाकणपट्टी गॅस्केटसकट बसव, नाहीतर त्याचं तेल टाकीतच परत फिरव. जुने भाग मात्र भंगारवाल्याला देऊ नकोस हं.