लस घेऊनही फ्लू झाला, मग टी पेशी काय करत होत्या?

प्रश्न : आई ६८ वर्षांची, मधुमेही. मे महिन्यात फ्लूची लस दिली, तरी ऑगस्टमध्ये फ्लू झालाच. ताप मात्र तीन दिवसांत उतरला. सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी आल्या. तिच्या साहाय्यक टी पेशी (बाकीच्या संरक्षक पेशींना मदत करणाऱ्या) कमी पडल्या का? पुन्हा लस द्यावी का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रिपोर्टची चिंता आधी सोडा. सीबीसीतल्या लिम्फोसाइटच्या आकड्यात बी, टी सगळ्याच पेशी येतात. त्यातून साहाय्यक पेशी वेगळ्या कळत नाहीत. शिवाय फ्लूच्या तापात हा आकडा काही दिवस खाली जातोच. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. तेव्हाही कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता साहाय्यक पेशींकडे येऊ. विषाणू फुफ्फुसात शिरला की डेंड्रायटिक पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, त्याच्या प्रथिनांचे तुकडे करून जवळच्या लसिका गाठीत (संरक्षक पेशी जमतात त्या गाठीत) नेतात. तिथे ज्या मोजक्या टी पेशींना तो तुकडा ओळखू येतो, त्यांचीच संख्या भराभर वाढते. त्यातल्या काही बी पेशींना भेटतात. विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, या बी पेशींकडून बनतात. बी पेशीनेही त्याच विषाणूचा तुकडा समोर धरला असेल, तरच टी पेशी तिला प्रतिपिंडे बनवण्याच्या कामात पुढे जाऊ देते. ही मदत मिळाली नाही तर प्रतिपिंडे दुबळी बनतात आणि त्या विषाणूची शरीरातली स्मृतीही फारशी टिकत नाही. उतारवयात टी पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली असते, नव्या टी पेशी कमी तयार होतात. म्हणून आईंच्या वयात लशीचा जोर कमी पडतो.

प्रतिपिंडांचा मुख्य रोख विषाणूच्या बाहेरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनावर असतो, आणि ते सतत बदलते. साहाय्यक पेशी मात्र आतली, फारशी न बदलणारी प्रथिनेही ओळखतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना मुद्दाम फ्लूची लागण केली होती. त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्याकडे नव्हती. तरीही ज्यांच्या रक्तात या आतल्या प्रथिनांना ओळखणाऱ्या साहाय्यक पेशी जास्त होत्या, त्यांचा आजार सौम्य राहिला. या पेशी लागण रोखत नाहीत, आजार आवरतात. आईंचा ताप लवकर उतरला त्यात त्यांचा वाटा असू शकतो.

तेव्हा लस दरवर्षी द्याच. प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून मृग लागण्याआधी, मेच्या मध्यापर्यंत द्या. दुकानातून लस स्वतः नेणार असाल तर नागपूरचा मे विसरू नका : लशीला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणून थंड डबा लागतोच. पण लशीची सिरिंज बर्फाच्या पिशवीला थेट चिकटू देऊ नका, मध्ये जाड कापड ठेवा. गोठलेली लस नंतर वितळून नेहमीसारखी दिसली तरी टाकून द्यायची.

आणि पुढच्या वेळी ताप आला तर ‘लस घेतली आहे’ म्हणून थांबू नका. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी. मधुमेही ज्येष्ठांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.