नोकरी करून लिहिता येतं का?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कथा लिहिते. पुढे फक्त लेखनच करायचं आहे, पण घरचे म्हणतात आधी नोकरी बघ. नोकरीत लेखन मागे पडेल अशी भीती वाटते. लेखन सुधारावं कसं, हेही सांगा. सोबत एक कथा पाठवते आहे.

उत्तर : घरच्यांशी या मुद्द्यावर वाद घालू नकोस. निव्वळ कथा-कादंबऱ्यांवर घर चालवणारे लेखक कुठल्याही भाषेत थोडेच. रॉयल्टी बहुधा विक्रीच्या टक्केवारीवर ठरते आणि हातात पडते वर्षातून एक-दोनदा. त्यावर दरमहा भाडं कसं भरणार?

तुझी भीती मात्र मला पटत नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप १८३४ ते १८६७ टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. मग कामावर. दिवसातला ताजा वेळ त्याने कथेला दिला होता. नोकरी निवडताना तूही हेच बघ.

मालिकांच्या संवादलेखनात पैसे बरे मिळतात, हातही भरभर चालायला लागतो, पण ऐनवेळी बदल येतात आणि स्वतःचं लिहायला डोकं शिल्लक राहत नाही. सुरुवातीला मी तुला भाषांतर किंवा संपादन सुचवेन. दुसऱ्याचं वाक्य कुठे अडखळतं हे रोज बघणाऱ्याला स्वतःचंही दिसू लागतं.

आता तुझी कथा. ‘आजोबांच्या जाण्याने तिच्या मनात दुःखाचा सागर उसळला’ हे वाक्य कोणीही लिहील. त्याच्याच पुढे तू लिहिलंस, ‘तिने आजोबांचा चष्मा पुसला आणि डबीत ठेवला.’ हे फक्त तुझं आहे! पहिलं वाक्य खोड. पूर्ण कथा मोठ्याने वाच, जिथे जिथे भावनेचं नुसतं नाव घेतलं आहेस तिथे खूण कर आणि काही आठवडे बाजूला ठेवून मगच दुसरा खर्डा लिही. हा भाग कंटाळवाणा आहे, पण खरी सुधारणा इथेच होते.

पुस्तक निघायची वेळ आली तर आनंदाच्या भरात करारावर सही करू नकोस. छापील, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट हे हक्क वेगवेगळे देता येतात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं दिसलं की थांब आणि कोणता हक्क, किती वर्षं, किती मोबदल्यात, हे लिहून घे.

दुसरा खर्डा झाला की पाठव. शेवटचा परिच्छेद गाळून बघ, मला तो जास्तीचा वाटला.