गडचिरोलीतल्या भामरागडला निघालेल्या नव्या कार्यकर्त्याला

माडिया आदिवासींच्या गावात तुला कुरमाघर दिसेल. पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची झोपडी. लगेच ‘किती मागासलेत’ म्हणून नाक मुरडू नकोस. आपल्याकडेही कावळा शिवला की बाई कोपऱ्यात, ताट-तांब्या वेगळा, हे फार जुनं नाही. (काही घरांत अजून आहे.) पण ‘त्यांची संस्कृती’ म्हणून हात झटकणं मला त्याहून वाईट वाटतं. छप्पर गळतं का, पावसाळ्यात सापा-विंचवाची भीती वाटते का, काय बदललेलं हवंय, हे तिथल्या बाईलाच विचार. गावच्या पुरुषांना नंतर. आणि गोटूलबद्दलच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराबद्दलच्या, ऐकीव चटपटीत गोष्टी इथेच ठेवून जा. गोटूलात गावाच्या बैठका होतात, पाहुणे उतरतात. बहुधा तुझीही पथारी तिथंच पडेल.