वाचकांचे प्रश्न : युद्धात चित्रकाराने काय करावे?

प्रश्न : छायाचित्रे उपलब्ध असताना युद्धकाळात हाताने काढलेल्या चित्रांची गरज काय? आणि सरकारी आश्रयाने काढलेली युद्धचित्रे म्हणजे निव्वळ प्रचारच नव्हे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सरकारी चित्रे प्रचारासाठीच असतात, असे सरसकट म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने कला-इतिहासकार केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने चित्रकारांसाठी समिती नेमली होती आणि तिच्यासाठी शिल्पकार हेन्री मूर यांनी बॉम्बहल्ल्यांच्या रात्री लंडनच्या भुयारी स्थानकांत आसरा घेतलेली माणसे रेखाटली. पांघरुणात गुरफटून, तोंडे उघडी टाकून निजलेल्या या माणसांत शौर्याचा गाजावाजा कुठेच नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला आघाडीपासून दूर, १९४३ च्या बंगालमध्ये सापडते. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातल्या होड्या काढून घेतल्या, भाव कडाडले आणि लाखो माणसे अन्नान्न करीत मेली. हेही युद्धाचेच बळी होत. कोलकात्यात चित्रकार झैनुल अबेदिन यांनी स्वस्तातल्या कागदावर काळ्या शाईने या भुकेल्या माणसांची चित्रे काढली. छायाचित्रात रस्ता, भिंत, ये-जा करणारी माणसे असे सगळेच येते. झैनुल यांनी मागची जागा कोरी ठेवली, त्यामुळे जमिनीवर पडलेला देह आणि शेजारी येऊन बसलेला कावळा यांवरून नजर दुसरीकडे वळवायला जागाच राहत नाही.

चित्तप्रसाद भट्टाचार्य (हे पुढे मुंबईत, अंधेरीला बरीच वर्षे राहिले) त्याच वर्षी नोव्हेंबरात मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले. अनेक रेखाटनांवर त्यांनी समोरच्या माणसाचे नाव आणि गाव लिहून ठेवले आहे. सरकारदरबारी जो केवळ आकडा उरला असता, त्याला त्यांनी नावानिशी कागदावर ठेवले, आणि युद्धात चित्रकाराने करण्याजोगे याहून मोठे काम मला दिसत नाही. या दौऱ्यावरील ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या जवळपास सर्व प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. वाचलेल्या प्रतीवरून ती अलीकडे पुन्हा छापली गेली आहे. हाती आली तर चित्रांसोबतचा मजकूरही सावकाश वाचावा, कारण तोही त्यांनीच लिहिलेला आहे.